डोब्रो, बेंजो आणि कानांची आवड

सुरतेच्या लिंबायत भागात खानदेशातून आलेल्या मराठी कुटुंबांची मोठी वस्ती आहे. अशा वस्तीत ‘बेंजो’ म्हटले, की वरातीत वा मिरवणुकीत वाजणारे, टंकलेखन यंत्रासारख्या कळा असलेले वाद्य डोळ्यांपुढे येते. जपानी ‘ताइशोगोतो’चे हे भारतीय रूप, बुलबुलतरंग हे त्याचे दुसरे नाव. अमेरिकेतील ब्लूग्रास संगीताच्या रसिकाला मात्र बेंजो म्हणजे पडदा ताणलेले, गोल तोंडाचे आणि लांब मानेचे वाद्य वाटते. नाव एकच, पण वाद्ये दोन.

ब्लूग्रासमध्येही कोणते वाद्य आपले आणि कोणते उपरे, यावर मतभेद आहेत. बिल मनरो यांच्या १९४० च्या दशकातील संचात मॅन्डोलिन, व्हायोलिन, गिटार, बेंजो आणि बास ही पाच वाद्ये होती. जुन्या वळणाचे रसिक हीच चौकट प्रमाण मानतात. १९५५ मध्ये जॉश ग्रेव्ह्ज हे लेस्टर फ्लॅट आणि अर्ल स्क्रग्ज यांच्या संचात आले आणि त्यांच्यामुळे डोब्रो या संगीतात रुजला.

डोब्रो जन्माला आला तो आवाजाच्या गरजेतून. विद्युत ध्वनिवर्धनाची सोय नसताना वाद्यमेळात गिटार दबून जाई. स्लोव्हाक वंशाच्या डोपेरा बंधूंनी १९२८ मध्ये गिटारच्या पोटात ॲल्युमिनियमची पातळ, वाटीसारखी चकती बसवली. तारांचे कंपन घोडीवाटे तिच्यात उतरते आणि नाद मोठा होतो. वादक वाद्य आडवे धरतो, उजव्या हाताच्या नख्यांनी तारा छेडतो आणि डाव्या हातातील पोलादी कांडी तारांवरून सरकवतो. त्यामुळे एका स्वरातून दुसऱ्यात अखंड घसरत जाता येते.

भारतीय कान यालाच मींड म्हणतो. म्हणूनच ब्रिजभूषण काबरा आणि विश्वमोहन भट्ट यांच्या हाती आडवी गिटार रागसंगीतात सामावली. भट्ट यांनी डोब्रोवादक जेरी डग्लस यांच्यासह केलेला ‘बर्बन अँड रोझवॉटर’ हा संग्रह १९९५ मध्ये आला. याउलट हार्मोनियमच्या पट्ट्यांतून मींड निघत नाही. १९४० मध्ये नभोवाणीने तिच्यावर बंदी घातली, त्यामागील आक्षेपांत हाही एक होता. तरीही मराठी संगीत नाटकाने आणि कीर्तनाने तिला सोडले नाही, कारण तेथे गायकाला भक्कम स्वराधार हवा होता.

बेंजोलाही हाच न्याय लावायला हवा. त्याच्या कळाही मींड देत नाहीत. परंतु गर्दीत, ताशाच्या कडकडाटात गाण्याची चाल स्पष्ट ऐकू यावी, हे त्याचे काम आहे आणि ते तो चोख करतो. मैफलीचा निकष लावून त्याला हलके ठरवणे म्हणजे त्यावर पोट असलेल्या वादकाच्या हातातील कौशल्यच नाकारणे होय. डोब्रोलाही कोणी उपरा म्हटलेच होते. आज त्याच्यावाचून ब्लूग्रासचे कित्येक संच अपुरे वाटतात.