अक्कलदाढ काढताना दिली जाणारी भूल

अक्कलदाढ साधारणपणे १७ ते २५ या वयात येते. जबड्यात जागा उरली नसेल तर ती आडवी वाढते किंवा हिरडीखाली अर्धी अडकून राहते. अशी दाढ काढायची म्हटली की पहिली भीती भुलेची असते. खरे तर बहुतेक रुग्णांना झोपवावे लागत नाही, दाढेभोवतीचा भाग तेवढा बधिर केला जातो. मस्कतमधल्या हमरियाचा छोटा दवाखाना असो की मुंबईचे शासकीय दंत महाविद्यालय, ही पद्धत एकच आहे.

भुलेच्या इतिहासात दातांना मानाचे स्थान आहे. ११ डिसेंबर १८४४ रोजी अमेरिकेतल्या हार्टफर्डमध्ये दंतवैद्य होरेस वेल्स यांनी नायट्रस ऑक्साइड वायू हुंगून सहकाऱ्याकडून स्वतःचीच दाढ काढून घेतली. पुढे १८८४ च्या सुमारास जबडा बधिर करण्यासाठी कोकेन वापरले गेले, पण त्याचे व्यसन लागत असे. आज सर्वत्र वापरले जाणारे लिग्नोकेन स्वीडनमध्ये १९४३ साली तयार झाले. त्यात बहुधा थोडे अ‍ॅड्रेनलिन मिसळलेले असते. त्याने रक्तवाहिन्या आकसतात, रक्त कमी वाहते आणि औषध त्या जागी जास्त वेळ टिकते. इंजेक्शननंतर मिनिट-दोन मिनिटे छातीत धडधडते ते बहुधा यामुळेच.

वरच्या दाढेजवळचे हाड पातळ व सच्छिद्र असते. त्यामुळे हिरडीतले इंजेक्शन तिथे लवकर लागू पडते. टाळूतली सुई मात्र चांगलीच टोचते. खालच्या जबड्याचे हाड घट्ट असते. म्हणून तिथे सुई दाढेशेजारी न देता जबड्याच्या मागच्या भागात, नस हाडात शिरते त्या जागेजवळ दिली जाते. तीन ते पाच मिनिटांत त्या बाजूचा अर्धा ओठ आणि अर्धी जीभ जड वाटू लागते. ओठ बधिर झाल्याची खात्री करूनच डॉक्टर पुढे जातात.

यानंतर काय जाणवते हे आधीच माहीत असणे फार महत्त्वाचे आहे. वेदना थांबते, स्पर्श आणि दाब थांबत नाहीत. दाढ हलवताना जबडा दाबल्यासारखा वाटतो, हाडाचा करकर आवाज कानापर्यंत येतो, ड्रिलची थरथर जाणवते. भूल चढली नाही असा याचा अर्थ नव्हे. पण टोचल्यासारखी तीव्र कळ आली तर ती सोसत बसू नये. हात वर करून थांबवावे. डॉक्टर आणखी औषध देतात. ही खूण सुरुवातीलाच ठरवून घेतली की भाषेची अडचणही उरत नाही.

काही वेळा भूल नीट चढत नाही. दाढेभोवती पू झाला असेल तर तिथल्या आम्लतेमुळे औषधाचा जोर कमी पडतो. अशा वेळी आधी संसर्ग आटोक्यात आणावा लागू शकतो. सुपारी आणि गुटख्यामुळे तोंड उघडेनासे झालेल्यांना सुई देणेही कठीण जाते. हृदयविकार, रक्तदाब, मधुमेह, गरोदरपण, रक्त पातळ करणाऱ्या गोळ्या, औषधांची अ‍ॅलर्जी यांपैकी काहीही असेल तर आधी सांगावे. नुसत्या स्थानिक भुलेसाठी उपाशी राहण्याची गरज नसते. उलट हलके खाऊन जाणे बरे, कारण रिकाम्या पोटी घाबरलेल्या माणसाला चक्कर येण्याचा धोका अधिक.

खूप भीती वाटणाऱ्यांना शिरेतून गुंगीचे औषध देता येते. रुग्ण जागाच असतो, पण नंतर फारसे आठवत नाही. दाढा खोल रुतल्या असतील किंवा चारही एकदम काढायच्या असतील तर पूर्ण भूल निवडली जाते. तिला रुग्णालय, भूलतज्ज्ञ आणि आधीच्या तपासण्या लागतात. तेव्हा सहा तास जेवण आणि दोन तास पाणीसुद्धा बंद ठेवावे लागते. श्वासाची नळी अनेकदा नाकातून घातली जाते, म्हणून नंतर घसा खवखवतो. गुंगी किंवा पूर्ण भुलेनंतर २४ तास गाडी किंवा यंत्र चालवू नये आणि घरी सोबत हवी. हमरियात घरच्यांपासून दूर, खोलीत एकट्याने राहणाऱ्या चालकाने किंवा कामगाराने हे आधीच ठरवावे. ओमानमध्ये शुक्रवार-शनिवार सुट्टी असते. तिच्या आदल्या दिवशीची वेळ घेतली तर रजाही वाचते आणि खोलीतला सोबती मदतीला असतो.

स्थानिक भूल उतरायला दोन ते पाच तास लागतात. तोवर गरम चहा घेऊ नये, कारण भाजले तरी कळत नाही. ओठ किंवा गाल चावला जाणार नाही हेही पाहावे; लहान वयाच्या रुग्णांत हे जास्त घडते. डॉक्टरांनी दिलेली वेदनाशामक गोळी दुखू लागण्याची वाट न पाहता भूल उतरण्याआधीच घ्यावी. दुसऱ्या दिवशीही ओठ किंवा जीभ बधिरच राहिली तर डॉक्टरांना कळवावे. नसेला ताण बसल्याने असे होते आणि बहुतेकांची संवेदना काही आठवड्यांत वा महिन्यांत परत येते, पण तोवर तपासणी चालू ठेवणे आवश्यक असते.