माजी विद्यार्थ्यांकडे आजची पोरं पाठवा

मंडळी, आपल्या तालुक्याच्या कॉलेजात माजी विद्यार्थी मेळावा कधी भरतो? बहुधा नॅकची समिती यायची असली म्हणजे! हारतुरे, जेवण, फोटो, आणि मग वर्षभर कुणी कुणाला विचारीत नाही. वसतिगृहाचे छप्पर गळायचे ते गळतेच. माजी विद्यार्थी कंजूष आहेत असे नव्हे. त्यांच्या दारी कुणी जातच नाही.

पवईची आयआयटी बघा. नंदन निलेकणी यांनी २०२३ साली आपल्या या जुन्या संस्थेला ३१५ कोटी रुपये दिले, आधीचे धरून ४०० कोटी. आपण म्हणाल, ती मोठ्यांची गोष्ट. खरे आहे. पण तिथली एक रीत आपल्या कामाची आहे. माजी विद्यार्थ्यांशी संबंध राखण्यासाठी तिथे आज शिकणाऱ्या मुलांचेच एक मंडळ आहे. नव्या पोराची जुन्याशी गाठ घालून देणे, त्याचा सल्ला मिळवून देणे हे त्यांचे काम. म्हणजे आधी ओळख, पैशाचे नंतर. अमेरिकेतल्या अनेक विद्यापीठांत तर विद्यार्थीच फोन लावून जुन्यांकडे देणगी मागतात.

आपल्याला हे नवे नाही. कर्मवीर भाऊराव पाटलांनी १९१९ साली काले गावी रयत शिक्षण संस्था काढली, ती घरोघरच्या मूठमूठ धान्यावरही जगली. साताऱ्याच्या छत्रपती शिवाजी कॉलेजात १९४७ पासून पोरे कष्ट करून शिकली. शिकतानाच संस्थेसाठी राबलेला माणूस पुढे नोकरीला लागला तरी तिला विसरत नाही.

तेव्हा कॉलेजाने जुन्या प्रवेश रजिस्टरवरून गाववार याद्या काढाव्यात. दिवाळीच्या सुट्टीत प्रत्येक मुलाने आपल्याच गावची यादी घरी न्यावी. कोण फौजेत गेला, कुणाची द्राक्षबाग आहे, कोण पुण्याला स्थायिक झाला, हे सरपंच आणि पोलीसपाटील यांच्याजवळ बसले की तासाभरात कळते. आपल्या गावचा पोरगा दारात येऊन 'काका, तुमच्याच वसतिगृहात राहतो' म्हणाला, तर छापील पत्रकाची गरज काय?

एक पथ्य मात्र कडक पाळा. पोराच्या हाती रोख रक्कम देऊ नका, त्यानेही घेऊ नये. चेक किंवा बँकेतून थेट संस्थेच्या खात्यात भरा आणि पावती मागून घ्या. शिवाय २००० रुपयांवरच्या रोख देणगीला आयकराची सवलत मिळत नाही. मुलांवर 'इतके जमवाच' अशी सक्तीही नको, नाहीतर बापच खिशातून भरील. अन् पैसा कुठे लागला याचे पत्र त्याच मुलाने उन्हाळ्यात देणाऱ्याला लिहावे. बहुतेक ठिकाणी हेच राहून जाते, आणि दुसऱ्या वर्षी दार उघडत नाही.

पैसा नसेल तर ज्वारी द्या. वसतिगृहाच्या खानावळीला लागतेच. पावतीवर वजन तेवढे लिहून घ्या.