स्वमग्न मूल आणि त्याचे गाव

'स्वमग्न' हा शब्द कानी पडला, की डोळ्यांपुढे एखादा ध्यानस्थ पुरुष उभा राहतो. ज्याला जगाची तमा नाही आणि माणसांची गरज नाही, असा. इंग्रजीतील 'ऑटिझम' हा शब्दही 'स्वतः' या अर्थाच्या ग्रीक शब्दावरूनच आलेला आहे. नावच असे पडल्यामुळे स्वमग्न मुलाला माणसे नकोच असतात, असा समज रूढ झाला. तो कितपत खरा आहे, हे पाहावयाचे असेल, तर या अवस्थेचा पहिला नोंदलेला रुग्ण म्हणून जो ओळखला जातो, त्याची हकीकत जाणून घ्यावी.

अमेरिकेच्या मिसिसिपी राज्यातील फॉरेस्ट या लहानशा गावी १९३३ साली डोनाल्ड ट्रिप्लेट याचा जन्म झाला. मूल बुद्धिमान होते. परंतु घरी कोण आले, कोण गेले याची त्याला दखल नसे. वस्तू गरगर फिरवण्यात तो तासन् तास रमे आणि नित्याच्या क्रमात बदल झाला, की आकांत करी. डॉक्टरांच्या सल्ल्याने त्याला वयाच्या चौथ्या वर्षी घरापासून दूर एका संस्थेत ठेवण्यात आले. सुमारे वर्षभराने आईवडिलांनी त्याला परत आणले आणि १९३८ साली बाल्टिमोर येथील डॉ. लिओ कॅनर यांना दाखवले. अशा अकरा मुलांविषयी कॅनर यांनी १९४३ साली जो निबंध प्रसिद्ध केला, त्यात पहिली हकीकत डोनाल्डची आहे.

त्या निबंधातील एक प्रसंग मोठा बोलका आहे. 'हो' आणि 'नाही' हे शब्द शिकवण्यासाठी वडिलांनी डोनाल्डला विचारले, 'तुला खांद्यावर घेऊ का? हवे असेल तर हो म्हण.' मूल 'हो' म्हणाले. परंतु पुढे कित्येक दिवस त्याच्या लेखी 'हो' या शब्दाचा अर्थ एकच राहिला: मला खांद्यावर घ्या! शब्द ज्या प्रसंगी कानावर पडला, त्या प्रसंगालाच तो चिकटून बसला. आपल्या घरात 'जरा थांब', 'डोळे मिटून काम करतो', 'बघू मग' असे किती बोल सहज उच्चारले जातात! स्वमग्न मुलाला त्यांतील आडवळण उमगत नाही. त्यातच अनेक मुलांना मिक्सरचा आवाज, लग्नातील बँड, कपड्याची शिवण यांचा त्रास इतरांहून कितीतरी अधिक होतो. मग ते कान झाकते, किंचाळते, आणि लोक त्याला हट्टी ठरवतात. वस्तुतः तो हट्ट नसून असह्य झालेल्या त्रासाचा पुकारा असतो.

लोकांनी एवढ्यावरच न थांबता दोष आईच्या माथीही मारला. आईच्या कोरडेपणामुळे मूल असे होते, हे मत कित्येक वर्षे प्रचलित होते. स्वतः एका स्वमग्न मुलाचे पिता असलेले मानसशास्त्रज्ञ बर्नार्ड रिमलंड यांनी १९६४ साली ग्रंथ लिहून त्याचे खंडन केले. ही अवस्था मेंदूच्या जडणघडणीतील भेदामुळे उद्भवते आणि तीत आनुवंशिकतेचा वाटा मोठा असतो, हे आता मान्य झाले आहे.

डोनाल्ड नऊ वर्षांचा असताना काही वर्षे एका शेतकरी जोडप्याकडे राहिला. त्याला मोजमापाचे वेड होते. त्या जोडप्याने ते मोडून काढण्याचा खटाटोप केला नाही. विहीर खणावयाची होती. तिची खोली मोजण्याचे काम त्याला दिले. मक्याच्या ओळी मोजण्याचा त्याला नाद होता. नांगर धरता धरता ओळी मोजण्यास सांगितले. वेड तेच राहिले, पण त्याला काम मिळाले. पुढे डोनाल्ड पदवीधर झाला, गावच्या बँकेत साठाहून अधिक वर्षे नोकरीस राहिला, गोल्फ खेळला, एकट्याने देशोदेशी हिंडला आणि २०२३ साली ८९ व्या वर्षी वारला. घरची सुस्थिती आणि बँकेशी आजोळचा संबंध, यांचा त्याला आधार होता, हे खरे. तथापि त्याला आपला मानणारे गाव पैशाने विकत मिळालेले नव्हते.

सगळीच स्वमग्न मुले डोनाल्डसारखी नसतात. काही आयुष्यभर बोलत नाहीत, काहींना अखेरपर्यंत सोबत लागते. त्यांच्याकडून चमत्कारांची अपेक्षा धरणे हाही अन्यायच होय. पण त्यांच्या रीतीने त्यांच्याशी बोलण्याची कला मोठ्यांना शिकता येते. गोवा आणि रावळपिंडी येथे ६५ मुलांच्या कुटुंबांत एक प्रयोग करण्यात आला. त्याचे निष्कर्ष २०१६ साली प्रसिद्ध झाले. तज्ज्ञ नसलेल्या, परंतु शिकवून तयार केलेल्या कार्यकर्त्यांनी आईबापांना मुलाच्या खुणा ओळखून प्रतिसाद देण्यास शिकवले. तेव्हा मुले आपण होऊन अधिक संवाद साधू लागली. त्याच वर्षीच्या भारतीय अपंग हक्क कायद्यात स्वमग्नतेला स्थान मिळाले. कायद्याने शाळेचे दार उघडते. आत गेलेल्या मुलाला मात्र वर्गाने सामावून घ्यावे लागते. दिवसाचा क्रम चित्रांनी आधी दाखवणे, बदलाची पूर्वसूचना देणे, सरळ आणि थोडके बोलणे, या गोष्टींना खर्च नाही.

डोनाल्डविषयी गावात एक आख्यायिका होती. शाळेच्या इमारतीच्या विटा त्याने म्हणे एका दृष्टिक्षेपात मोजून सांगितल्या होत्या. म्हातारपणी त्याने कबूल केले, की तो आकडा त्याने मनानेच ठोकून दिला होता. कारण त्या मुलांनी आपल्याला चांगले म्हणावे, असे त्याला वाटत होते. ज्याला माणसे नकोत असे जग समजत होते, त्या मुलाच्या मनातली ही इच्छा होती.