भक्षकपेशीचे ठाणे

महारोगाने बोटे झडतात, अशी जी समजूत आपल्या समाजात पिढ्यान्‌पिढ्या दृढमूल झाली, आणि जिच्यापायी असंख्य रोगग्रस्तांना गावकुसाबाहेर दिवस कंठावे लागले, ती मुळातच खरी नव्हे. जंतू बोटे खात नाही, तर बधिर हाताला चुलीवरच्या भांड्याचा चटका कळत नाही, जखमेवर जखम होते, ती चिघळते, आणि हाड झिजून बोट आखूड होत जाते. ही बधिरता येते कोठून, हे जाणण्यासाठी देहाचा बंदोबस्त पाहणाऱ्या भक्षकपेशीचा परिचय करून घेणे अगत्याचे आहे.

नॉर्वेतील बर्गेन येथे 1873 साली आर्मौअर हान्सेन यांना महारोगाचा जो जंतू आढळला, तो विलक्षण मंदगती आहे. एकाचे दोन होण्यास त्याला सुमारे दोन आठवडे लागतात. प्रयोगशाळेच्या कृत्रिम अन्नावर तो अद्याप वाढलेला नाही. आणि 2001 साली त्याची जनुकसंहिता वाचली गेली तेव्हा त्याची हजाराहून अधिक जनुके निकामी झाल्याचे उघड झाले. अशा या परावलंबी जीवाची आवडती वसतिस्थाने दोन: मज्जातंतूंना आवरण घालणाऱ्या पेशी, आणि त्याला गिळण्यासाठीच नेमलेली भक्षकपेशी.

या भक्षकपेशीच्या पृष्ठावर पहाऱ्यास असलेले ग्राहकरेणू, विशेषतः 'टोल-सदृश' म्हणून ओळखली जाणारी 1 आणि 2 या क्रमांकांची जोडी, जंतूच्या भित्तिकेतील मेदयुक्त प्रथिने ओळखते. ती वर्दी केंद्रकापर्यंत पोचली की तेथील दप्तर उघडते, आणि एरवी बंद असलेल्या विकरांच्या, म्हणजे एन्झाइमांच्या, निर्मितीचे हुकूम सुटतात. त्यांपैकी सायक्लोऑक्सिजनेझ-2 हा अॅराकिडोनिक आम्लापासून प्रोस्टाग्लॅन्डिन घडवण्यास आरंभ करतो, तर नायट्रिक ऑक्साइड सिंथेझ हा आर्जिनिनपासून नायट्रिक ऑक्साइड हा दाहक वायू निर्माण करतो. आणि ऊतींची वीण उसवणारे मेटॅलोप्रोटिनेझ नावाचे विकरही रोग्याच्या व्रणांत सापडतात. एकाच ठाण्यातून निघालेले हे अंमलदार परस्परविरोधी कामे करतात, हे मला या साऱ्या व्यवस्थेतील सर्वांत विचार करायला लावणारे वाटते. ज्या रोग्याची प्रतिकारशक्ती प्रबळ, त्याच्या व्रणांत नायट्रिक ऑक्साइडचा जोर असतो आणि जंतू थोडे. ज्याची दुर्बळ, त्याच्या भक्षकपेशी मेदाने फुगून फेसाळ दिसतात. एकोणिसाव्या शतकात रुडॉल्फ फिर्खो यांनी वर्णिलेल्या त्या याच. त्यांतील मेदबिंदूंच्या आश्रयाने जे प्रोस्टाग्लॅन्डिन ई-2 तयार होते, ते लढाऊ लसिकापेशींचा वेग मंदावते. म्हणजे दाहाचे हत्यार जंतूच्या पथ्यावर पडते!

आणि जेथे हत्यार जोरात चालते तेथेही सुख नाहीच. मूळच्या बडोद्याच्या शास्त्रज्ञ ललिता रामकृष्णन यांच्या चमूने 2017 साली झीब्राफिश या इवल्या पारदर्शक माशाच्या पिलांत दाखवून दिले की, जंतूच्या आवरणातील एका विशिष्ट शर्करायुक्त मेदामुळे चेतलेल्या भक्षकपेशी जो नायट्रिक ऑक्साइड सोडतात, त्याने शेजारच्या मज्जातंतूंचे आवरण व तंतू दोन्ही विद्ध होतात. मज्जातंतूचा हा घात जंतूने स्वहस्ते केलेला नसतो. तो रक्षकाच्या हातून घडतो.

रोग्याची बाजू घेणाऱ्या प्रत्येकाने हे ध्यानी धरावे, कारण 1981 पासून जागतिक आरोग्य संघटनेने पुरस्कारिलेल्या बहुविध औषधोपचाराने जंतू मेले, तरी त्यांचे अवशेष शरीरात रेंगाळतात व दाह भडकवतात, आणि ऐन उपचारकाळात किंवा त्यानंतरही चट्टे लालबुंद होऊन हात लुळा पडू शकतो. औषधानेच घात केला असे समजून त्या वेळी गोळ्या टाकून देणाऱ्या माणसाला दोष देण्यापूर्वी, त्याला हे कोणी समजावून सांगितले होते काय, असे विचारणे न्याय्य होईल. गोळ्या चालू ठेवून जोडीला प्रेडनिसोलोन द्यावे लागते, जे या दाहक विकरांच्या निर्मितीलाच आळा घालते. परंतु नस निकामी होऊन सुमारे सहा महिने लोटण्यापूर्वी ते सुरू झाले, तरच गेलेली शक्ती परतण्याची बरीच आशा असते. म्हणूनच जाणता वैद्य प्रत्येक भेटीत रोग्याच्या कोपरामागची नस बोटांनी चाचपून पाहतो, ती जाड वा दुखरी झाली आहे काय याचा अंदाज घेतो, आणि करंगळी बाजूला ताणून धरायला सांगून, तिची शक्ती अजमावण्यासाठी तिच्यावर हलकेच दाब देतो.