गोल्फच्या क्लबांची लांबी सारखीच असावी का?

विटीदांडू खेळताना दांडू कसा निवडावा, हे तुम्हाला कोणी मुद्दाम शिकवलेले नसते. लांब दांडूने टोला दूर जातो, पण विटी चुकण्याची भीतीही वाढते. आखूड दांडू हाताच्या आज्ञेत राहतो, पण टोल्यात जोर कमी पडतो. हे ज्ञान अनुभवातूनच येते. आता अशी कल्पना करा, की तुमच्याजवळ एक सोडून सात दांडू आहेत, प्रत्येकाची लांबी वेगळी आहे आणि प्रत्येक टोल्याला दांडू बदलायचा आहे. तुमचा नेम बसेल का?

गोल्फच्या खेळाडूपुढे नेमका हाच प्रश्न असतो. चेंडू मारण्याच्या साधनाला या खेळात ‘क्लब’ म्हणतात. खेळाडूला आपल्या पिशवीत जास्तीत जास्त १४ क्लब ठेवता येतात. त्यांपैकी धातूच्या चपट्या डोक्याच्या क्लबांना ‘आयर्न’ असे नाव आहे. त्यांना क्रमांक दिलेले असतात. ३ क्रमांकाचा आयर्न चेंडू सर्वांत दूर नेतो, ९ क्रमांकाचा जवळ टाकतो. प्रत्येक आयर्नला वर मूठ, मध्ये दांडा आणि खाली डोके असे तीन भाग असतात. डोक्याची जी बाजू चेंडूला भिडते, तिला आपण ‘तोंड’ म्हणू. हे तोंड मागे कललेले असते आणि हा कल प्रत्येक क्रमांकाला वेगळा असतो.

नेहमीच्या संचातील तीन आयर्नची मापे पाहा. निर्मात्यागणिक ती थोडीफार बदलतात.

क्रमांक ३ : लांबी ९९ सें.मी., तोंडाचा कल २१ अंश, डोके २४२ ग्रॅम.
क्रमांक ७ : लांबी ९४ सें.मी., तोंडाचा कल ३४ अंश, डोके २७० ग्रॅम.
क्रमांक ९ : लांबी ९१.५ सें.मी., तोंडाचा कल ४२ अंश, डोके २८४ ग्रॅम.

क्रमांक एकाने वाढला की दांडा अर्ध्या इंचाने आखूड होतो, डोके सुमारे ७ ग्रॅमने जड होते आणि तोंड आणखी मागे कलते. म्हणजे एकाच वेळी तीन गोष्टी बदलतात. प्रयोगशाळेत तुमचे शिक्षक काय सांगतात? एका वेळी एकच गोष्ट बदला, बाकीच्या स्थिर ठेवा! मग गोल्फचा संच बनवणाऱ्यांनी हा नियम का मोडला?

जुन्या संचातील हिशेब

त्यांनी तो अविचाराने मोडलेला नाही. वही काढा आणि एक छोटे गणित करा. डोक्याचे वस्तुमान किलोग्रॅममध्ये घ्या आणि त्याला लांबीच्या (मीटरमध्ये) वर्गाने गुणा. ३ क्रमांकासाठी ०.२४२ × ०.९९ × ०.९९ म्हणजे सुमारे ०.२३७ येते. ७ क्रमांकासाठी ०.२३९ आणि ९ क्रमांकासाठी ०.२३८ येते. तिन्ही उत्तरे जवळजवळ सारखीच!

वस्तुमान गुणिले अंतराचा वर्ग या राशीला पदार्थविज्ञानात जडत्व आघूर्ण म्हणतात. एखादी वस्तू फिरवायला किती जड जाईल, हे तिच्यावरून कळते. येथे आपण दांड्याचे वजन सोडून दिले आहे, त्यामुळे हिशेब ढोबळ आहे; पण त्यातून जुन्या कारागिरीचे मर्म दिसते. दांडा आखूड झाला की डोके जड करायचे, म्हणजे क्लब फिरवताना हाताला पडणारा भार सारखाच राहतो. लाकडी दांडे मागे पडून पोलादी दांडे आल्यावर असे क्रमवार, जुळवलेले संच रूढ झाले. स्कॉटलंडमधील सेंट अँड्र्यूज येथील नियामक संस्थेने पोलादी दांड्यांना १९२९ साली मान्यता दिली.

म्हणजे जुन्या संचातही ‘काहीतरी समान ठेवावे’ हा विचार होताच. समान ठेवला होता तो भार. लांबी मात्र समान नव्हती.

एका विद्यार्थ्याचा वेगळा विचार

ब्रायसन डिशॅम्बो हा अमेरिकन खेळाडू डॅलसच्या सदर्न मेथॉडिस्ट विद्यापीठात पदार्थविज्ञान शिकत होता. त्याचे म्हणणे साधे होते. दांड्याची लांबी बदलली, की चेंडूपासून उभे राहण्याचे अंतर बदलते, कमरेतील वाक बदलतो, दांड्याचा जमिनीशी होणारा कोन बदलतो. मग प्रत्येक क्लबसाठी शरीराला वेगळी हालचाल शिकावी लागते. त्यापेक्षा सगळे आयर्न एकाच लांबीचे आणि एकाच वजनाचे करावेत, बदलावा तो फक्त तोंडाचा कल. हालचाल एकच राहील.

त्याने आपले आयर्न साडेसदतीस इंचांचे, म्हणजे सुमारे ९५ सें.मी. लांबीचे करून घेतले. २०१५ साली त्याने अमेरिकेतील महाविद्यालयीन वैयक्तिक अजिंक्यपद आणि हौशी खेळाडूंचे राष्ट्रीय अजिंक्यपद अशी दोन्ही पदे मिळवली. पुढे २०२० आणि २०२४ साली त्याने ‘यू. एस. ओपन’ ही मानाची स्पर्धा जिंकली, तीही असेच आयर्न वापरून.

ही कल्पना अगदी नवी होती असे नाही. १९८० नंतरच्या दशकाच्या अखेरीस एका अमेरिकन कंपनीने समान लांबीचे आयर्न बाजारात आणले होते, पण खेळाडूंनी ते फारसे उचलले नाहीत. ते का, हे समजण्यासाठी आपल्याला चेंडूच्या मागे जावे लागेल.

पुस्तकातील उत्तर कोठे चुकते?

फिरणाऱ्या वस्तूच्या टोकाचा वेग म्हणजे कोनीय वेग गुणिले त्रिज्या. त्रिज्या वाढली की टोकाचा वेग वाढतो. लांब दांडूने विटी दूर जाते ती याचमुळे. अव्वल व्यावसायिक खेळाडूंच्या मोजमापांत ३ क्रमांकाच्या आयर्नचे डोके ताशी सुमारे १५८ कि.मी., तर ९ क्रमांकाचे सुमारे १३७ कि.मी. वेगाने चेंडूवर येते.

चेंडू मात्र डोक्यापेक्षाही जास्त वेगाने निघतो. गोल्फचा चेंडू जेमतेम ४६ ग्रॅमचा असतो. जड डोक्याच्या धडकेने तो पुढे उसळतो. ३ क्रमांकाने मारलेला चेंडू सेकंदाला सुमारे ६३ मीटर वेगाने, जमिनीशी सुमारे १० अंशांचा कोन करून निघतो. ९ क्रमांकाने मारलेला सेकंदाला सुमारे ४९ मीटर वेगाने, सुमारे २० अंशांत निघतो. येथे वेग एवढा घटतो, कारण तोंड जास्त कललेले असल्याने धडक समोरासमोर होत नाही. तोंड चेंडूला घासून जाते आणि चेंडू पुढे जाण्याऐवजी स्वतःभोवती अधिक फिरू लागतो.

आता प्रक्षेप्याचे सूत्र वापरा : वेगाचा वर्ग, गुणिले दुप्पट कोनाचा साइन, भागिले ९.८. ३ क्रमांकाचा चेंडू सुमारे १४० मीटर जायला हवा आणि ९ क्रमांकाचा सुमारे १५८ मीटर. म्हणजे सूत्राच्या मते ९ क्रमांकच दूर मारतो! प्रत्यक्षात मैदानावर काय घडते? ३ क्रमांकाचा चेंडू हवेतून सुमारे १९४ मीटर जातो आणि ९ क्रमांकाचा सुमारे १३५ मीटर.

सूत्र चुकीचे नाही. ते निर्वात जागेसाठी आहे, आणि गोल्फ हवेत खेळतात. कललेल्या तोंडामुळे चेंडू उलटा फिरत जातो, म्हणजे त्याचा वरचा भाग मागे आणि खालचा भाग पुढे सरकत असतो. असा चेंडू आपल्याभोवतीची हवा खाली ढकलतो आणि हवा त्याला वर उचलते. या परिणामाला जर्मन शास्त्रज्ञ माग्नुस याचे नाव मिळाले आहे. गोल्फच्या चेंडूचे दूर जाणे या उलट्या फिरकीवर अवलंबून असते, हे एडिंबरोचे प्राध्यापक पीटर टेट यांनी एकोणिसाव्या शतकाच्या शेवटच्या दशकात दाखवून दिले. ही उचल चेंडूच्या वेगाबरोबर झपाट्याने वाढते. ३ क्रमांकाचा चेंडू अगदी खालून निघूनही दूर जातो, तो या उचलीच्या बळावर. ९ क्रमांकाचा चेंडू मुळातच वर निघतो. त्याला तिची गरज तेवढी नसते, आणि हवेचा विरोध त्याला मागे खेचतो.

समान लांबीची किंमत

आता सगळे आयर्न ९५ सें.मी.चे केले तर काय होईल? ३ क्रमांकाचा दांडा सुमारे ४ सें.मी.नी आखूड होईल, म्हणजे डोक्याचा वेग शेकडा ४ ने घटेल असे धरू. डोके जड केल्याने थोडी भरपाई होईल, तरी चेंडूचा वेग शेकडा २ ने कमीच पडेल. वेग घटला की उचलही घटते आणि चेंडू लवकर खाली येतो. उलट ९ क्रमांकाचा दांडा लांब झाल्याने त्याचा चेंडू अधिक वेगाने निघेल, अधिक उंच आणि अधिक दूर जाईल. परिणामी दूरचे आणि जवळचे क्लब यांच्या टप्प्यांतील अंतर कमी होईल. गोल्फमध्ये तर प्रत्येक क्लबचा टप्पा वेगळा आणि ठरावीक असावा लागतो. त्यासाठीच एवढे क्लब बाळगायचे! म्हणून समान लांबीचे संच बनवणाऱ्यांना तोंडाच्या कलांत फेरफार करून हे अंतर पुन्हा वाढवावे लागते.

यावरून आणखी एक गोष्ट ध्यानात येईल. डिशॅम्बो हा अतिशय जोरकस फटक्याचा खेळाडू आहे. त्याचा वेग शेकडा दोन-चारने घटला तरी चेंडूला उचलण्याइतका वेग शिल्लक राहतो. ज्याचा फटका मुळातच मंद आहे, अशा शाळकरी किंवा वयस्क खेळाडूचे तसे नाही. त्याने केवळ विजेत्याकडे पाहून पूर्ण संच बदलला, तर जेथे त्याला मदत हवी त्या लांब पल्ल्याच्या क्लबांतच तो घाट्यात येईल. मधल्या आणि जवळच्या क्लबांत मात्र एकच हालचाल घटवण्याचा लाभ त्यालाही होऊ शकतो. एका विजेत्याचे यश हा नियमाचा पुरावा नव्हे. त्याच्याच काळात असमान लांबीचे आयर्न घेऊन जिंकणारेही पुष्कळ आहेत.

मग उत्तर काय? जुन्या संचाने भार समान ठेवला, तेव्हा उभे राहण्याची ढब बदलत राहिली. नव्याने लांबी, भार आणि ढब समान ठेवली, तेव्हा टप्प्यांतील अंतर आक्रसले. सगळेच समान ठेवता येत नाही. ‘कोणता संच शास्त्रीय?’ हा प्रश्नच अपुरा आहे. ‘या खेळाडूसाठी काय समान ठेवणे जास्त मोलाचे?’ असे विचारले, तरच शास्त्र उत्तर देऊ शकते.

करून पाहा

मीटरभर लांबीची एक हलकी काठी घ्या. तिच्या वरच्या टोकापासून ९९ सें.मी.वर २४० ग्रॅम ओल्या मातीचा गोळा फडक्यात घट्ट बांधा. वरचे टोक धरून मोकळ्या जागेत काठी सावकाश झुलवा. मग २८० ग्रॅमचा गोळा ९२ सें.मी.वर बांधून झुलवा. शेवटी २४० ग्रॅमचा गोळा ९२ सें.मी.वर बांधा. डोळे मिटून, मित्राला काठी हातात द्यायला सांगून, कोणत्या दोन जोडण्या हाताला सारख्या वाटतात ते ओळखा. प्रत्येक वेळी वस्तुमान गुणिले लांबीचा वर्ग काढून तो वहीत मांडा. हात आणि गणित यांचे कितपत जुळते, ते तुमचे तुम्हालाच दिसेल.