धावड्याचा डिंक आणि तेल-पाण्याची सीमा

सह्याद्रीच्या पानझडी रानांत धावडा हा वृक्ष वाढतो. त्याच्या सालीतून पाझरणारा आणि लाडवांमुळे घरोघरी परिचित असलेला डिंक जागतिक व्यापारात ‘गम घट्टी’ या नावाने विकला जातो. हा माल घाटवाटांनी नेला जाई, म्हणून ‘घाट’ या शब्दावरूनच हे नाव पडले, असे मानले जाते. शीतपेयांतील सुगंधी तेल पाण्यात विखुरलेले ठेवणे, हे या डिंकाचे एक महत्त्वाचे काम आहे.

एका द्रवात दुसऱ्या, न मिसळणाऱ्या द्रवाचे सूक्ष्म थेंब विखुरले की त्या मिश्रणाला पायस म्हणतात. दूध हे त्याचे नित्य परिचयाचे उदाहरण होय. एक मिलिलिटर तेलाचे १ मायक्रोमीटर व्यासाचे थेंब केले, तर त्यांचे एकत्रित पृष्ठफळ ६ चौरस मीटर, म्हणजे एखाद्या लहान खोलीच्या जमिनीएवढे भरते. तेल आणि पाणी जेथे भेटतात त्या सीमेवर, म्हणजे आंतरपृष्ठावर, ताण असतो आणि पृष्ठफळ वाढले की तेथील ऊर्जाही वाढते. त्यामुळे थेंब एकमेकांत मिसळून ही सीमा आखूड करू पाहतात.

येथे डिंकाचा बहुवारिक रेणू, म्हणजे अनेक लहान घटक जोडून बनलेली दीर्घ साखळी, उपयोगी पडतो. या रेणूचा बहुतेक भाग शर्करांचा आणि पाण्याची ओढ असलेला असतो, तर त्याला जोडलेला प्रथिनांचा अल्प अंश तेलाच्या पृष्ठाला चिकटतो. एका टोकाने असा नांगर पडल्यावर शर्करांच्या फांद्या पाण्यात पसरून थेंबाभोवती जाड, ओले कवच तयार होते; दोन थेंब जवळ आले की ही कवचे दाटतात आणि परस्परांना दूर लोटतात. शर्करांमधील आम्लगटांवरील ऋण विद्युतभारही या प्रतिकर्षणात भर घालतो.

मात्र डिंक अपुरा असेल, तर एकच साखळी दोन थेंबांना चिकटून पूल बांधते आणि त्यांचे पुंजके होतात. म्हणून प्रमाणाला येथे फार महत्त्व आहे. डिंकाचा हा परिणाम घरी पाहण्यासाठी वाचकांनी धावड्याचा डिंक रात्रभर भिजवून गाळावा, त्या पाण्यात आणि तेवढ्याच साध्या पाण्यात चमचाभर तेल घालून दोन्ही बाटल्या जोराने हलवाव्यात. साध्या पाण्यातील तेल काही मिनिटांत वर येते, डिंकाच्या पाण्याचा दुधाळपणा मात्र बराच वेळ टिकतो.