बाग आहे हो, पण दिवा नाही!

सासूबाईंची शुगर वाढली तेव्हा डॉक्टरांनी गोळ्यांखाली एक ओळ लिहून दिली, ‘रोज अर्धा तास चालणे.’ गोळ्या मेडिकलमध्ये मिळाल्या. चालायचं कुठे, ते मात्र चिठ्ठीत नव्हतं. रस्त्यावर मोटारसायकली, बोळात कुत्री. म्हटलं, चला, आपल्या गावाला नगरपालिकेची बाग आहे की!

गोष्ट २०१८ च्या दिवाळीनंतरची. आम्ही दोघी संध्याकाळी बागेत गेलो. दिव्याचे खांब होते, दिवे नव्हते. कोपऱ्यातल्या बाकावर पोरांचा पत्त्यांचा अड्डा. पंधरा मिनिटं झाली आणि सासूबाई हळूच म्हणाल्या, “सूनबाई, लघवीला जायचं होतं गं.” स्वच्छतागृह होतं, पण कुलूपबंद. किल्ली नगरपालिकेच्या ऑफिसात आणि ऑफिस कधीच बंद झालेलं. तशाच घाईघाईनं घरी आलो. दुसऱ्या दिवसापासून त्या बागेत जायच्या आधी पाणीच पिईनात. आता सांगा, शुगरच्या पेशंटनं पाणी न पिता चालायचं म्हणजे काय?

शेजारच्या काकूंना सांगितलं तर त्या हसल्या. “अगं, मी तर वर्षापूर्वीच जायचं सोडलं.” मग लक्षात आलं, गल्लीतल्या निम्म्या बायकांची हीच कथा. दुपारी कामं उरकून जरा मोकळं व्हावं, तर बागेला कुलूप. संध्याकाळचा स्वयंपाक आटोपावा, तर अंधार. आपली मोकळी वेळ आणि बागेची वेळ यांची कधी गाठच पडत नाही.

त्याच सुमारास पुण्याला भाचीकडे गेले होते. तिनं सिंहगड रस्त्यावरची पु. ल. देशपांडे बाग दाखवली. जपानमधल्या ओकायामा शहरातली तीनशे वर्षांहून जुनी कोराकुएन बाग डोळ्यांपुढे ठेवून केलेली, २००६ मध्ये खुली झालेली. भाची तळ्याचे फोटो काढत होती आणि मी माळ्यांकडे बघत होते. कुणी गवत कापतंय, कुणी पाला गोळा करतंय. आपल्या घराचंही तसंच ना? वास्तुशांत एकदाच होते, केर मात्र रोज काढावा लागतो. आमच्या गावात बागेच्या उद्घाटनाची कोनशिला चकचकीत, पण केर काढणारं कुणी नाही!

परत आल्यावर आम्ही अकराजणी अर्ज घेऊन नगरपालिकेत गेलो. टेबलावरचे साहेब म्हणाले, “ताई, बाग हे आमचं ऐच्छिक काम आहे. फंड असला तर करतो.” आम्ही गप्प. तोंड पाडून परत येणार, तेवढ्यात आमच्यातल्या एका निवृत्त शिक्षिकाबाई म्हणाल्या, “कायदा तरी बघू या.” त्यांच्या वकील जावयानं १९६५ चा नगरपरिषदांचा कायदा काढला. साहेब खोटं बोलले नव्हते. सार्वजनिक बागा खरंच ऐच्छिक कामांच्या यादीत आहेत. पण सार्वजनिक जागी दिवे लावणं आणि सार्वजनिक स्वच्छतागृहं बांधणं ही कामं बंधनकारक यादीत! म्हणजे गुलाब लावा न लावा तुमची मर्जी, पण दिवा लावलाच पाहिजे.

मग अर्ज नव्यानं लिहिला. ‘बाग सुधारावी’ असं मोघम नाही. पाच खांबांवर दिवे, स्वच्छतागृहाची किल्ली बागेतच, आणि दुपारी तीनला फाटक उघडणं, अशा तीनच मागण्या. मुख्याधिकाऱ्यांच्या नावानं दिला आणि आमच्या प्रतीवर तारखेसह शिक्का मारून घेतला. वॉर्डातल्या नगरसेविकाबाईंनाही भेटलो. महिला व बालकल्याणासाठी अंदाजपत्रकात पाच टक्के रक्कम ठेवायची असते. त्यातून बहुतेक वेळा शिवणाचे आणि पार्लरचे वर्ग निघतात. वर्ग हवेतच. पण बायकांचं स्वच्छतागृह हेही महिला कल्याणच की!

जानेवारीत गेलो होतो ते बरं झालं. अंदाजपत्रक साधारण फेब्रुवारीत मंजूर होतं, नंतर गेलं की ‘पुढच्या वर्षी बघू’. तरी तीन हेलपाटे झाले. एकदा तर अर्जच सापडेना. शिक्क्याची प्रत पुढे केल्यावर सापडला! घरून टोमणे मिळाले ते वेगळेच. “बाईसाहेब आता निवडणूक लढवणार वाटतं!”

एप्रिल २०१९ मध्ये दिवे लागले. पाच मागितले होते, तीन लागले. किल्ली माळीमामांच्या बायकोकडे आली. त्या शेजारीच फुलांचे गजरे विकतात, त्यामुळे स्वच्छतागृह उघडं राहतं आणि स्वच्छही. मात्र हे काम त्या फुकट करतात, त्यांना मानधन मिळावं म्हणून आमचा पुढचा अर्ज गेला. दिवे लागल्यावर पत्त्यांचा अड्डा आपोआप उठला, कुणाला हाकलावं लागलं नाही. दुपारी फाटक उघडण्याचं तेवढं राहिलं. झोपाळ्याची साखळीही तुटलेलीच होती.

मैत्रिणींनो, तुमच्या गावातही अशी एखादी बाग असेल. एकदा संध्याकाळी सातला जाऊन बघा, तिथे किती बायका दिसतात. दिसत नसतील तर ‘बायकांना आवड नाही’ असं कुणाला म्हणू देऊ नका. दिवा, पाणी, स्वच्छतागृह आणि वेळ, एवढं वहीत टिपून घ्या आणि चौघीजणी मिळून अर्ज द्या. महिनोन्‌महिने उत्तर आलं नाही, तर २००५ चा माहिती अधिकार आहे. दहा रुपयांत आपल्या अर्जाचं काय झालं ते विचारता येतं आणि तीस दिवसांत उत्तर द्यावं लागतं.

दिवे लागले त्या संध्याकाळी सासूबाई निघताना स्वयंपाकघरात आल्या, माठातलं तांब्याभर पाणी प्यायल्या आणि म्हणाल्या, “चल गं, उशीर होतोय.” तेव्हा कळलं, अकराजणींचे हेलपाटे कशासाठी होते ते.